उडणारे काळे पक्षी: प्लस की मायनस, हा वाद आधी बाजूला ठेवा

तुम्ही विचारलंय की इंदूरच्या सिरपूर तळ्यावर सकाळी पाणकावळे आणि काळे शराटी उडताना टिपले, तर कधी पक्ष्याची नुसती काळी आकृती येते, आणि पिसं दिसली तर मागचं आकाश पांढरंफटक पडतं. एक जण सांगतो कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड वाढवण्या-घटवण्याची सोय) +१ ठेवा, दुसरा म्हणतो काळ्यासाठी −१. खरं कोणाचं? दोघांचंही. आणि उडत्या पक्ष्यासाठी दोघांचाही काही उपयोग नाही.

कॅमेऱ्यातल्या उजेड मोजणाऱ्या मीटरला पक्षी कळत नाही. चौकटीत जे काही आहे त्याचा एकूण उजेड तो मधल्या राखाडीच्या आसपास आणून ठेवतो. शराटी बाभळींच्या गर्द रांगेसमोरून जात असेल तर चौकट काळोखी, म्हणून मीटर उजेड वाढवतो आणि काळा पक्षी मातकट होतो. इथे −१ वाला जिंकला. दोन सेकंदांत तोच शराटी झाडांच्या वर आला, मागे उजळ आकाश आलं, की मीटर उजेड कमी करतो आणि पक्षी कोळसा होतो. आता +१ वाला जिंकला, बऱ्याचदा तर +१ही पुरत नाही. या सगळ्यात पक्ष्यावर पडणारं ऊन तसूभरही बदललेलं नसतं, बदलली ती फक्त पार्श्वभूमी. मग एक्स्पोजर तिच्या तालावर का नाचवायचं? स्पॉट मीटरिंगचा, म्हणजे एका ठिपक्यापुरताच उजेड मोजण्याचा सल्लाही मिळेल तुम्हाला. बसलेल्या पक्ष्याला ठीक आहे, पण उडत्या पक्ष्यावर तो ठिपका अर्धा वेळ आकाशावरच असतो.

तेव्हा मॅन्युअल, म्हणजे आकडे कॅमेऱ्यावर न सोडता आपणच ठरवायचे. शटर, अ‍ॅपर्चर आणि आयएसओ (उजेड किती वेळ घ्यायचा, किती मोठ्या छिद्रातून, आणि सेन्सर किती संवेदनशील) तिन्ही पक्कं करून ठेवायचं. ऑटो आयएसओ चालू राहिला तर मॅन्युअल नावापुरतंच, तो बंद आहे ना एवढं बघा. आकड्यांसाठी फिल्मच्या काळातला जुना नियम अजून कामाचा आहे: स्वच्छ उन्हात एफ १६ आणि शटर आयएसओइतकं, म्हणजे आयएसओ १०० ला १/१००. त्यावरून काळ्या पिसांसाठी एक स्टॉप उजेड जास्त द्यायचा, म्हणजे दुप्पट. तुमची झूम लेन्स ६०० मिमीला एफ ६.३ पर्यंतच उघडत असेल तर चढलेल्या उन्हात १/२०००, एफ ६.३, आयएसओ ६४० म्हणजे जवळपास तेच झालं. हिवाळ्यात साडेआठच्या सुमाराला ऊन कोवळं असतं, तेव्हा आयएसओ १२५० पासून सुरुवात करा. ऊन जसजसं तापेल तसतसं खाली आणा, आणि ढगाचा तुकडा सूर्यावर आला की लगेच बदला. मॅन्युअलमध्ये हे एवढंच लक्ष ठेवावं लागतं.

आकडे बरोबर आहेत की नाही हे उडत्या पक्ष्यावर तपासायला जाऊ नका. तळ्यात एखाद्या खुंटावर पंख पसरून वाळवत बसलेला पाणकावळा सकाळी हमखास असतो. तुम्ही ज्या बाजूला फोटो काढणार त्याच बाजूचा, त्याच उन्हातला पाणकावळा बघा, दोन-तीन फोटो घ्या आणि मोठे करून पाहा. पाठीवरच्या पिसांच्या कडा सुट्या दिसल्या म्हणजे जमलं. काळ्या शराटीच्या बाबतीत आणखी एक मोजमाप निसर्गानेच दिलंय: त्याच्या खांद्यावरचा पांढरा पट्टा. तो जळेपर्यंत, म्हणजे पांढराफटक होऊन तपशील जाईपर्यंत, उजेड वाढवायचा नाही, अगदी त्याच्या अलीकडे थांबायचं. हायलाइटचा इशारा (जास्त उजळ झालेला भाग पडद्यावर लुकलुकतो तो) चालू ठेवा. पट्टा लुकलुकायला लागला की एक तृतीयांश स्टॉप मागे. वारकऱ्याच्या कपाळावरची पांढरी ढालही याच कामाची. तो उडण्याआधी पाण्यावरून बरंच अंतर धावतो, त्यामुळे तयारीला वेळही मिळतो.

आता पांढऱ्याफटक आकाशाबद्दल, कारण तुमच्या तक्रारीचं मूळ मला तिथे दिसतं. सूर्य पाठीशी असेल तर समोरचं निळं आकाश साधारण मधल्या राखाडीइतकंच उजळ असतं. काळ्यासाठी एक स्टॉप वाढवला तरी ते फिकट निळं होतं, पांढरं होत नाही. तुमचं आकाश पांढरं पडतंय याचा अर्थ तुम्ही सूर्याकडे तोंड करून उभे आहात, नाहीतर त्या दिवशी मळभ होतं. हा एक्स्पोजरचा दोष नाही, उभं राहण्याच्या जागेचा आहे, आणि कॅमेऱ्यातलं कुठलंही चाक फिरवून तो जाणार नाही. सकाळी तुमची सावली पक्ष्याच्या दिशेने पडेल असा काठ निवडा. पक्षी उडताना आणि उतरताना वाऱ्याला तोंड देतात. त्यामुळे वाराही पाठीकडून येत असेल तर ते तुमच्याकडे तोंड करून येतील. दोन्ही एकदम जुळत नसेल तर मी ऊन घेतो, वारा सोडतो.

पाठीशी सूर्य असण्याचा दुसरा फायदा रंगाचा. मोर शराटी किंवा कोतवाल यांचा निळा-जांभळा झळाळ रंगद्रव्यातून येत नाही. पिसांतल्या सूक्ष्म थरांवरून उजेड परततो आणि ठरावीक कोनातच तो दिसतो. ऊन पिसांवरून तुमच्याकडे आलंच नाही तर तोच मोर शराटी तपकिरी-काळा. नंतर स्लायडर ओढून ती झळाळी आणता येत नाही, कितीही ओढा.

आपल्याकडे हिवाळा का चांगला, तेही सांगतो. इंदूर कर्कवृत्ताच्या किंचित दक्षिणेला आहे. जूनमध्ये दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर येतो आणि पंखांखाली मिट्ट काळोख. डिसेंबरच्या अखेरीस भर दुपारीही तो ४४ अंशांच्या आसपासच चढतो. म्हणजे सकाळी दहापर्यंत पंख वर उचलले की खालच्या बाजूवर ऊन पोचतं. पाणकावळ्याची तर चैनच असते. तो पाण्याला लागून सरळ रेषेत उडतो आणि पाण्यावरून परतणारा उजेड त्याचं पोट उजळवतो. सरावाला त्याच्याइतका सोयीचा काळा पक्षी नाही. आकाशात उंच गेलेल्या काळ्या पक्ष्यामागे मी बर्स्ट (सलग फोटोंची मालिका) घालवत नाही. अपवाद घारीचा: ती घिरट्या घालताना कलली की पाठ उन्हात येते, त्या क्षणासाठी बोट तयार ठेवायचं. घारींचा सराव घराच्या गच्चीवरूनही होतो.

फोकसचं दुखणं वेगळं. ऑटोफोकसला पकडायला फरक लागतो, उजेड-अंधाराची कड लागते. काळ्या छातीवर ती नसते, म्हणून तो घरंगळत मागच्या झाडांवर जातो. पूर्ण चौकटीचा झोन नको. एक बिंदू आणि त्याच्या आजूबाजूचे काही, एवढा लहान गट घ्या आणि तो चोच-मान यांच्या कडेवर ठेवा. पक्षी लांब असतानाच पकडा, जवळ आल्यावर शटर दाबा. मध्ये अडथळा आला की फोकसने लगेच उडी मारू नये अशी सेटिंग बहुतेक कॅमेऱ्यांत असते, ती सावकाशीच्या बाजूला सरकवा. पक्षी ओळखणारे नवे मिररलेस कॅमेरे मदत करतात, पण काळ्या चेहऱ्यातला काळा डोळा त्यांनाही चकवतो. नर कोकिळेचा लाल डोळा त्या मानाने पटकन सापडतो. कोतवालाचा पाठलाग करण्यात अर्थ नाही: किडा पकडून तो बहुधा त्याच तारेवर परततो, तेव्हा फोकस तारेवर लावून थांबा.

मळभाच्या दिवशी पांढऱ्या आकाशासमोर काळा पक्षी टिपायचाच असेल तर मधला मार्ग सोडा. एकतर आकाश जाऊ द्या आणि पिसांसाठी दोन स्टॉप वाढवा, नाहीतर सरळ छायाकृती करा, पण मग पंखांचा आकार स्पष्ट हवा. मला स्वतःला अशा दिवशी झाडांसमोरून किंवा पाण्यावरून जाणारे पक्षीच बरे वाटतात.

एक अवांतर. सिरपूर आणि इंदूरजवळचं यशवंतसागर दोन्ही २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आले. सिरपूरचं तळं टिकावं म्हणून छायाचित्रकार भालू मोंढे यांनी ‘द नेचर व्हॉलंटियर्स’ या संस्थेमधून वर्षानुवर्षं खटपट केली. २०१६ ची पद्मश्री मिळालेला हा माणूस आपल्याच गावचा. तिथे उड्डाणाचा फोटो मिळावा म्हणून थव्यावर खडे मारणारे दिसतात, त्यांना जागीच टोका. तसंही दचकून उडालेला पक्षी तुमच्याकडे पाठ करूनच जातो, फोटोही भिकार येतो.

शेवटचं, संगणकावरचं. फोटो रॉमध्येच (कॅमेऱ्याच्या कच्च्या, प्रक्रिया न केलेल्या फाइलमध्ये) काढा. सावल्या नंतर उचलल्या की काळ्या पिसांत दाणे येतात, म्हणून उजेड कॅमेऱ्यातच जास्त घ्यायचा आणि घरी किंचित उतरवायचा, उलटं नाही. शॅडोचा स्लायडर पिसांच्या ओळी सुट्या होईपर्यंतच, मग ब्लॅक थोडा खाली ओढा. बऱ्याच जणांचे पाणकावळे राखाडी दिसतात ते इथेच. एकही पीस दिसायचं राहू नये या हट्टापायी काळा रंगच जातो. पोटाखालचा एखादा कोपरा अंधारात राहिला तर राहू दे.