फोर्टनाइट दोन महिन्यांत झाला, मग बाकीच्या ऑनलाइन गेमना पाच-पाच वर्षं का लागतात?

तुम्ही विचारलंय की मोठे स्टुडिओ एक ऑनलाइन मल्टिप्लेअर गेम काढायला चार-पाच वर्षं का घेतात, फोर्टनाइट तर दोन महिन्यांत झाला म्हणतात, आणि तुम्ही तिघं मित्र मिळून वर्षभरात एखादा ऑनलाइन शूटर (गोळीबाराचा गेम) काढू शकाल का. मी मल्टिप्लेअर गेमच्या नेटवर्किंगचंच काम करतो. हा विषय माझ्या जिव्हाळ्याचा आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी सरळ आकडे. चार ते आठ जणांनी खेळायचा छोटा गेम असेल, टीम अनुभवी असेल आणि इंजिन (ज्यावर गेम उभा राहतो तो सॉफ्टवेअरचा पाया) तयार घेतलेलं असेल, तर दीड ते तीन वर्षं. स्पर्धात्मक शूटर किंवा त्या तोडीचं काही असेल तर तीन ते सहा वर्षं. हजारो खेळाडू एकाच जगात वावरतात असा एमएमओ असेल तर पाच वर्षं धरून चाला, पुढे कितीही. हे माझ्या अंदाजाचे आकडे आहेत आणि बहुतेक स्टुडिओंना ते लागू पडतील. पण मोजायला सुरुवात कुठून करायची हे ठरवल्याशिवाय त्यांना फारसा अर्थ नाही.

फोर्टनाइटचंच घ्या. बॅटल रॉयालचा भाग, म्हणजे शेवटी एकच उरेपर्यंतचा सामना, एपिक या कंपनीने साधारण दोन महिन्यांत उभा केला आणि २६ सप्टेंबर २०१७ ला लोकांसमोर आणला, हे खरं आहे. पण फोर्टनाइटची घोषणा झाली होती डिसेंबर २०११ मध्ये. मधली सगळी वर्षं टीम वेगळ्याच गेमवर राबत होती: चार जणांनी मिळून तटबंदी उभारायची आणि चालून येणाऱ्या झोंबींना परतवायचं. तो गेम जुलै २०१७ मध्ये आला. म्हणजे बंदुका, भिंती-जिने बांधायची पद्धत, पात्रांच्या हालचाली, सर्व्हर, लॉगिन, सगळं हाताशी होतं. खाली अनरियल इंजिन, तेही एपिकचं स्वतःचं, १९९८ पासून ऑनलाइन सामन्यांत मुरलेलं. शिवाय एपिकच्याच अनरियल टुर्नामेंट या शूटरवर काम करणारी माणसं मदतीला आली. दोन महिन्यांत नवीन झालं ते शंभर जणांचा मोठा नकाशा, आवळत येणारं वादळ आणि शेवटी एकच उरणार हा नियम. त्यांचं काम कौतुकाचंच आहे, पण ते सहा वर्षांच्या खांद्यावर उभं आहे.

पबजीचंही तसंच. काम २०१६ मध्ये सुरू झालं आणि मार्च २०१७ मध्ये अर्ली अ‍ॅक्सेसला, म्हणजे पूर्ण होण्याआधीच विक्रीला, गेम आला, म्हणजे जेमतेम वर्ष. पण पबजीचे कर्ते ब्रेंडन ग्रीन त्याआधी काही वर्षं आर्मा या गेमच्या मॉडवर (मूळ गेममध्ये फेरफार करून केलेल्या आवृत्तीवर) हेच नियम घडवत होते, आणि इंजिन पुन्हा अनरियल. एपेक्स लेजंड्स फेब्रुवारी २०१९ मध्ये आधी काहीही न सांगता अचानक आला, तर त्याच्या पाठीशी त्याच स्टुडिओचे टायटनफॉलचे दोन अख्खे गेम होते. त्यामुळे कुणी ‘आम्ही इतक्या महिन्यांत केला’ म्हणालं की माझा पहिला प्रश्न असतो, सुरुवात केली तेव्हा हातात काय होतं?

आता वेळ नेमका जातो कुठे ते सांगतो, कारण खेळणाऱ्याला ते दिसत नाही.

जमिनीवर एक बंदूक पडली आहे आणि खेळाडूने ती उचलायची आहे, एवढंच. एकट्याने खेळायच्या गेममध्ये हे अर्ध्या दिवसाचं काम. जवळ गेला, बटण दाबलं, बंदूक जमिनीवरून गायब झाली, हातात आली, आवाज झाला, संपलं.

ऑनलाइनमध्ये दोघं जण एकाच क्षणी तिच्यावर झडप घालतात. एकाचा पिंग (सर्व्हरपर्यंत निरोप जाऊन उत्तर यायला लागणारा वेळ) ३० मिलिसेकंद, दुसऱ्याचा १२०. दोघांच्याही स्क्रीनवर बंदूक अजून जमिनीवरच आहे आणि दोघांनीही बटण दाबलंय. निकाल सर्व्हर देणार. पण तो येईपर्यंत स्क्रीनवर काय दाखवायचं? काहीच दाखवलं नाही तर गेम सुस्त वाटतो. लगेच हातात दिली आणि सर्व्हर नाही म्हणाला, तर ती काढून घ्यावी लागते, आणि तोवर पठ्ठ्याने एक गोळी झाडलेलीही असू शकते. त्या गोळीचं काय करायचं? उचलताना एकाचं नेट गेलं तर बंदूक कुणाची? दहा सेकंदांनी तो परत जोडला गेला तर? सामना मध्येच बघायला आलेल्या प्रेक्षकाला ती कुणाच्या हातात दिसायला हवी? आणि एखाद्या चीटरने प्रोग्रॅममध्ये फेरफार करून अर्ध्या किलोमीटरवरून ‘मी उचलली’ असा निरोप पाठवला, तर? अंतर तपासा म्हणावं, तर १२० पिंगवाल्या प्रामाणिक खेळाडूची सर्व्हरकडे असलेली जागा नेहमीच थोडी शिळी असते. तपासणी फार कडक केली की तोही चीटर ठरतो. अर्ध्या दिवसाचं काम बघता बघता दोन आठवड्यांवर जातं. नंतर दारं आहेत, गाड्या आहेत, ग्रेनेड आहेत, गाडीत बसलेल्याने दारातून फेकलेले ग्रेनेड आहेत.

यातला काही भाग कितीही पैसा ओतला तरी सुटत नाही. फायबरमधून प्रकाश सेकंदाला साधारण २ लाख किलोमीटर जातो. सर्व्हर ५,००० किलोमीटरवर असेल तर निरोप जाऊन उत्तर यायला किमान ५० मिलिसेकंद लागणारच, आणि केबल कधी सरळ रेषेत नसतात, मध्ये राउटर असतात, म्हणजे प्रत्यक्षात आणखी जास्त. हा उशीर लपवणं ही आमची खरी कारागिरी. १९९६ च्या क्वेकवर्ल्डमध्ये जॉन कार्मॅक यांनी वापरलेली युक्ती आजही पाया आहे: सर्व्हरच्या उत्तराची वाट न पाहता खेळाडूचं पात्र त्याच्याच मशीनवर लगेच हलवायचं आणि उत्तर आलं की जुळवून घ्यायचं. गोळीच्या बाबतीत बऱ्याच शूटरमध्ये सर्व्हर किंचित मागे जाऊन बघतो, की झाडणाऱ्याला त्या क्षणी समोरचा कुठे दिसत होता. भिंतीआड पोचल्यावरही कधीकधी गोळी लागते ती यामुळेच. दोघांपैकी कुणाच्या डोळ्यांवर विश्वास ठेवायचा, हे कुणीतरी फार आधी ठरवलेलं असतं.

माझ्या मते वेळेचा सगळा हिशेब इथेच ठरतो. हे नेटवर्किंग मागाहून चिकटवता येत नाही. ‘आधी गेम करू, मल्टिप्लेअर नंतर घालू’ असं ठरवलेल्या प्रोजेक्टमध्ये काय होतं ते मी जवळून पाहिलंय. प्रत्येक फंक्शन हे गृहीत धरून लिहिलेलं असतं की जग एकच आहे आणि ते माझ्याच मशीनवर आहे. ते गृहीतक शेकडो ठिकाणी पसरलेलं असतं, एका जागी सापडत नाही. शेवटी निम्म्याहून अधिक कोड नव्याने लिहावा लागतो, आणि तोही डेडलाइन डोक्यावर असताना.

व्हॅलोरंटकडे बघा. त्यावर २०१४ च्या सुमारास काम सुरू झालं आणि गेम आला जून २०२० मध्ये. यातला बराच काळ खेळाडूला कधीही न दिसणाऱ्या गोष्टींवर गेला. त्यांना सर्व्हरने सेकंदाला १२८ वेळा जगाचा हिशेब करायला हवा होता, म्हणजे एका फेरीला ७.८ मिलिसेकंद. पण एका प्रोसेसर कोअरवर तीनहून जास्त सामने चालले तरच सर्व्हरचा खर्च परवडणार होता, त्यामुळे प्रत्यक्षात हाती उरले २.३४ मिलिसेकंद. व्हॅलोरंट बनवणाऱ्या रायटच्या इंजिनियरांनी स्वतःच लिहिलंय की सुरुवातीला ही फेरी ५० मिलिसेकंद घेत होती. ती २ च्या खाली आणण्यासाठी अ‍ॅनिमेशनपासून निरोप पाठवण्याच्या पद्धतीपर्यंत सगळं उपसावं लागलं. भिंतीपलीकडचा शत्रू दिसणारच नसेल, तर त्याची जागा तुमच्या मशीनला कळवायचीच नाही, अशी व्यवस्थाही त्यांनी केली. जी माहिती आलीच नाही, ती चीट करून कशी बघणार? मला हे काम फार सुंदर वाटतं. पण ‘नवीन काय केलंत?’ म्हणून कुणी विचारलं तर दाखवायला एक चित्रही नसतं.

वेळ खाणारी दुसरी गोष्ट म्हणजे माणसं. एकट्याचा गेम डिझायनर स्वतः खेळून बघू शकतो. दहा जणांचा सामना तपासायचा तर दहा जण एका वेळी लागतात, शंभरांचा असेल तर शंभर. बॉट (माणसाऐवजी खेळणारे प्रोग्रॅम) लावून सर्व्हरवर ताण टाकता येतो, पण बॉट चिडत नाही, कंटाळत नाही, मित्राला हाक मारत नाही. गेममध्ये मजा आहे का, हे माणसंच सांगतात, आणि पुष्कळ सामन्यांनंतर सांगतात. ब्लिझर्डने टायटन नावाच्या एमएमओवर सुमारे सात वर्षं घालवली आणि २०१४ मध्ये तो बंद केल्याचं जाहीर केलं. मजा सापडली नाही, असंच त्यांनी सांगितलं. त्याच टीममधल्या काहींनी उरलेल्या कल्पनांतून ओव्हरवॉच घडवला आणि तो मे २०१६ मध्ये आला. आता ओव्हरवॉचला किती वर्षं लागली म्हणायचं, तीन की दहा? उलट कॉन्कॉर्ड बघा. स्टुडिओने त्यावर कित्येक वर्षं घातली, २३ ऑगस्ट २०२४ ला गेम आला आणि ६ सप्टेंबरला सर्व्हर बंद करून सगळ्यांना पैसे परत दिले.

लाँचच्या दिवशी आणखी एक परीक्षा असते. हेलडायव्हर्स २ जवळपास आठ वर्षं तयार होत होता, आणि मधल्या काळात, २०१८ मध्ये, तो ज्या इंजिनवर उभा होता ते इंजिनच ऑटोडेस्कने बंद केलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये गेम आला आणि अपेक्षेच्या कितीतरी पट लोक लोटले. एका वेळी ४,५०,००० खेळाडू अशी मर्यादा घालावी लागली आणि बाकीचे रांगेत. लोक म्हणतात, मग आणखी सर्व्हर भाड्याने घ्या की! पण अडतं ते बहुतेकदा सामन्याच्या सर्व्हरवर नाही, तर मागच्या बाजूला: लॉगिन, मित्रांची यादी, कुणाकडे काय आहे याची नोंद ठेवणारा डेटाबेस. ते सगळ्या खेळाडूंचं सामाईक असतं, आणि तिथे नुसती मशीन वाढवून भागत नाही.

लाँचनंतर काम थांबत नाही, हे तर तुम्हाला माहीतच असेल. पबजीच्या टीमने २०१८ मध्ये काही महिने दुरुस्तीची खास मोहीम चालवली. फायनल फँटसी १४ सप्टेंबर २०१० मध्ये आला आणि इतका फसला, की स्क्वेअर एनिक्सने त्याच डिसेंबरात नाओकी योशिदा यांच्या हाती सूत्रं दिली. जुना गेम चालू ठेवून त्यांनी आतून नवा बांधला, नोव्हेंबर २०१२ मध्ये जुने सर्व्हर बंद केले आणि ऑगस्ट २०१३ मध्ये नवा गेम आणला. चालू गेमची रोजची डागडुजी करता करता तीन वर्षांच्या आत हे होणं ही या धंद्यातली मला सर्वांत थक्क करणारी गोष्ट वाटते.

आता तुमच्या तिघांबद्दल. वर्षभरात स्पर्धात्मक शूटर होणार नाही, हे स्पष्ट सांगतो. त्याला चीटर आवरावे लागतात, जागोजागी सर्व्हर लागतात आणि मॅचमेकिंगसाठी, म्हणजे तुल्यबळ खेळाडूंची गाठ घालण्यासाठी, कायम हजारो खेळाडू हजर लागतात. पण ऑनलाइन गेम मात्र होऊ शकतो. अमंग अस मूळ तीन जणांच्याच टीमचा. काम २०१७ च्या अखेरीस सुरू झालं आणि जून २०१८ मध्ये गेम आला. त्यात हळूहळू चालायचं, कामं करायची आणि मग वाद घालायचा. २०० मिलिसेकंदांचा उशीर झाला तरी कुणाला जाणवत नाही. तुमची सगळ्यात मोठी बचत अशा निवडीतच आहे: जिथे क्षणाचा उशीर खपतो असा खेळ घ्या. चार मित्रांनी मिळून खेळायचं ठेवलंत तर चीटरचा प्रश्नही जवळजवळ मिटतो, कारण कुणी कुणाला हरवत नाही. सामना एका खेळाडूच्याच मशीनवर चालवा आणि लॉबी (सामन्याआधी खेळाडू जमतात ती जागा), आमंत्रणं, जोडणी यांसाठी स्टीम या गेमच्या ऑनलाइन दुकानाच्या किंवा एपिकच्या मोफत सेवा वापरा. हे स्वतः लिहायला बसू नका.

आणि पहिल्याच आठवड्यात दोन मशीनवर दोन साधे ठोकळे पळवा. मध्ये मुद्दाम १५० मिलिसेकंदांचा लॅग (उशीर) आणि २ टक्के पॅकेट लॉस (वाटेत हरवणारे निरोप) घाला. अनरियलमध्ये त्याची सोय आहे आणि इतर इंजिनांसाठीही साधनं मिळतात. एका ठोकळ्याने उचललेली वस्तू दुसऱ्या स्क्रीनवर नीट उचललेली दिसेपर्यंत मॉडेल, नकाशे, संगीत यांना हात लावू नका. आमच्या टीममध्ये हा लॅग रोजच्या कामातही चालूच असतो. ऑफिसच्या वेगवान नेटवर सगळंच छान चालतं आणि मग खरे दोष खेळाडूंना सापडतात.

इंजिन कोणतं घेताय आणि एका सामन्यात किती जण हवेत हे कळवलंत, तर वेळेचा अंदाज याहून नेमका देता येईल.