काथ्या गिलाव्यात घालण्यापूर्वी

फोंड्याजवळच्या आपल्या जुन्या मातीच्या घराला दर पावसाळ्यानंतर भेगा पडतात, म्हणून सिमेंटच्या गिलाव्यात नारळाचा काथ्या मिसळावा का, असे आपण विचारले आहे. माझे स्पष्ट मत असे की काथ्या जरूर घालावा, पण सिमेंटमध्ये नव्हे, मातीच्या किंवा चुन्याच्या गिलाव्यात. सिमेंट भिंतीतली ओल आत कोंडून धरते आणि काही पावसाळ्यांत गिलावा पोपडे धरून सुटतो. शिवाय ओल्या सिमेंटचा तीव्र क्षार काथ्यातले लिग्निन, म्हणजे तंतूंना बळकटी देणारे द्रव्य, हळूहळू विरघळवून तंतू ठिसूळ करतो. मातीत हा धोका नाही. चुन्यातही क्षार असतो, मात्र हवेतला कार्बन डायऑक्साइड शोषून चुना घट्ट होत जातो तसा तो कमी होतो.

काथ्या ताकदीत तागापेक्षा कमी असला, तरी तुटण्यापूर्वी ताग जेमतेम दोन-तीन टक्के ताणला जातो आणि काथ्या पंधरा टक्क्यांहून अधिक. मी मातीच्या दोन लाद्या वाळवून मोडून पाहिल्या होत्या: साधी कडकन दुभंगली, काथ्याची मात्र भेगेतून दिसणाऱ्या तंतूंवर लोंबकळत राहिली. काथ्या भेग पडू देतो, पण ती रुंदावू देत नाही, आणि गिलाव्याला नेमके तेवढेच हवे असते.

नारळाच्या सोडणातून काढलेला काथ्या आधी गोड्या पाण्यात दोन-तीनदा भिजवून, पाण्याचा तांबूस रंग जाईपर्यंत धुवावा, कारण त्यातली टॅनिन (तुरट, तांबूस द्रव्ये) व साखर, सिमेंट कुठे वापरलेच तर, त्याचे घट्ट होणे लांबवतात आणि खाडीत कुजवलेल्या सोडणाचे मीठ पुढे भिंतीवर पांढरे फुटते. मी एकदा हे धुणे टाळले होते. चौथऱ्यावरचा सिमेंटचा थर दुसऱ्या दिवशीही नखाने उकरता येत होता. तंतू बोटाच्या दोन पेरांएवढे कापून थोडे थोडे, पिंजून मिसळावेत. गोळे राहिले तर भेग तिथूनच सुरू होते.

काथ्या मिसळलेल्या रोपांच्या कुंड्यांबद्दलही आपण विचारले आहे, त्याबद्दल थोडक्यात सांगतो. त्या पीएलएच्या, म्हणजे वनस्पतींच्या साखरेपासून बनवलेल्या प्लास्टिकच्या असतील, तर काथ्यामुळे ताठ होतील, पण परसात पुरल्याने लवकर कुजणार नाहीत. पीएलए कुजायला साठ अंशांच्या आसपासची सततची उष्णता लागते. रोपे कुंडीसकट जमिनीत लावायची असतील, तर नुसत्या काथ्याची कुंडी घ्यावी.