पार्किन्सन्सची गोळी पुढच्यासाठी राखून ठेवली तर ती जास्त वर्षं पुरते का?

तुम्ही लिहिलंय की वडील ६६ वर्षांचे आहेत, निदान होऊन पाच महिने झालेत आणि न्यूरोलॉजिस्टनी लेव्होडोपा लिहून दिलीय. पण तुमचे मेहुणे म्हणतात, ही गोळी पाच वर्षंच चालते, आत्ताच घेतली तर पुढे हातात काही उरणार नाही. शिवाय नव्या औषधाच्या चाचणीत वडिलांचं नाव द्यावं का, हेही विचारलंय.

राखून ठेवू नका. वडिलांना शर्टाची बटणं लावता येत नसतील, कूस बदलायला आईला उठवावं लागत असेल, तर ती गोळी आजची आहे. मी डॉक्टर नाही, शाळेत विज्ञान शिकवते. पण आमच्या घरात ही गोळी तीन वर्षं राखून ठेवली होती, म्हणून लिहायला बसले.

आमचे अण्णा कराडला शिंपी होते. त्यांचा हात कधीच थरथरला नाही, आणि म्हणूनच आम्हाला काही कळलं नाही. सगळे थरथरीचीच वाट बघत बसतात. जेम्स पार्किन्सनने १८१७ साली लंडनमध्ये हा आजार पहिल्यांदा नीट लिहून काढला, तो सहा माणसांवरून, आणि त्यातली काही तर त्याने नुसती रस्त्यात पाहिलेली. नाव दिलं ते थरथरीचं, आणि तेच लोकांच्या डोक्यात बसलं. अण्णांचे टाके लहान झाले. कच्चा धावदोरा घालायला घेतला की सुरुवातीला टाके नेहमीसारखे, आणि बाहीच्या शेवटाला येईपर्यंत मुंगीएवढे. या आजारात अक्षर बारीक होत जातं हे कुठेही वाचायला मिळतं, टाक्यांचं मी आमच्या दुकानात पाहिलं. त्याच्या दोनेक वर्षं आधी इस्त्रीखाली गिऱ्हाइकाची पँट करपली. शेजारचा दुकानदार धावत आला, अण्णा शांतपणे मापं लिहीत होते. त्यांना वासच आला नव्हता. त्याच्याही आधीपासून ते झोपेत ओरडायचे, हातपाय झाडायचे, आईने अंथरूण लांब केलं होतं. बद्धकोष्ठ तर कायमचं. आम्ही प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण शोधलं. जर्मनीतल्या हाइको ब्राक यांनी २००३ मध्ये मेंदूंच्या तपासणीवरून मांडलं होतं की बऱ्याच जणांत आजार वासाच्या केंद्रापाशी आणि मेंदूच्या देठात खाली सुरू होतो आणि हालचालीच्या भागात नंतर पोचतो. सगळ्यांना हा क्रम लागू पडत नाही. अण्णांना पडला.

निदान झालं २००९ मध्ये. डॉक्टरांनी अंगठ्यावर तर्जनी आपटायला लावली, तळहात उलटसुलट करायला लावला, मागून खांदे धरून ओढून बघितलं. (जगभरच्या चाचण्यांतही हेच करतात, प्रत्येक हालचालीला ० ते ४ गुण देतात. नवं औषध ‘चाललं’ म्हणजे हे गुण कमी झाले.) गोळी लिहून दिली.

आणि काकांनी ती सुरू करू दिली नाही. धाकटे काका तीस वर्षं औषधांच्या दुकानात काउंटरवर होते. घरात कुणाला काही झालं की डॉक्टरांच्या आधी त्यांचा शब्द. त्यांचं म्हणणं तुमच्या मेहुण्यांचंच होतं, शब्दही जवळपास तेच: गोळी पाच वर्षांत बोथट होते, मग अंग वेडंवाकडं हलायला लागतं, दादा चालतोय-फिरतोय तोवर नको. अण्णा ‘बरं’ म्हणाले. ते सगळ्यालाच बरं म्हणायचे.

तीन वर्षं. पहिल्या वर्षी काज करणं सुटलं, दुसऱ्या वर्षी कात्री. मशीनवर बसायचे, पण पायडल मारताना पाय अडकायचा. चेहरा असा झाला की गिऱ्हाइकांना वाटायचं शिंपी रागावलाय. आवाज इतका बारीक झाला की फोनवर लोक ‘हॅलो हॅलो’ करून ठेवून द्यायचे. २०१२ च्या पावसाळ्यात न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशननंतर पायांत ताकद असून उभं राहता येईना, तेव्हा तिथल्या डॉक्टरांनी मलाच झापलं: याची गोळी का चालू नाही? त्या दिवशी सिंडोपाची, म्हणजे याच लेव्होडोपाची, अर्धी गोळी दिवसातून तीनदा सुरू झाली. बाराव्या दिवशी अण्णांनी सुई मागितली. दोरा स्वतः ओवला, दोनदा चुकून तिसऱ्यांदा. मी तिथेच रडले. आनंद होताच, पण त्याहून जास्त त्या तीन वर्षांचं रडू होतं.

आता काकांच्या म्हणण्यातलं खरं किती ते सांगते. पाचेक वर्षांनी बऱ्याच जणांत गोळीचा परिणाम दोन डोसांच्या मध्येच संपायला लागतो, आणि काहींचं अंग आपोआप डुलतं, वळतं. हे होतं. अण्णांना २०१६ मध्ये झालं. पण गोळी आधी सुरू केल्यामुळे ते होतं, हे चूक आहे. नळाला पाणी तासभरच येतं, पण घरात टाकी असेल तर ते दिवसभर पुरतं. लेव्होडोपा रक्तात जेमतेम दोनेक तास टिकते. सुरुवातीला मेंदूतल्या उरलेल्या पेशी तिचं डोपामिन, म्हणजे हालचालीसाठी लागणारं रसायन, करून साठवतात, म्हणून तीन डोसांत दिवस निघतो. आजाराने पेशी जात राहतात, टाकी लहान होत जाते, आणि मग नळ चालू असेल तेवढंच पाणी. गोळी न घेता तीन वर्षं काढली तरी टाकी लहान व्हायची थांबत नाही.

हे कुणी तपासलंय का? तपासलंय, आणि मला सर्वांत पटलेलं काम घानामधलं आहे, २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेलं. तिथे गोळी परवडत नसल्याने, मिळत नसल्याने रुग्णांना उशिरा सुरू व्हायची, आजार सुरू झाल्यावर सरासरी ४.२ वर्षांनी. इटलीतल्या रुग्णांना २.४ वर्षांनी. काकांचं खरं असतं तर घानातल्या लोकांना हा त्रास उशिरा व्हायला हवा होता. दोन्हीकडे तो आजाराच्या साधारण त्याच वर्षी सुरू झाला. घानातल्यांनी राखून काही कमावलं नाही, मधली वर्षं तेवढी ताठरपणात गेली. पुढे २०१९ मध्ये नेदरलँड्सच्या चाचणीचा निकाल आला. ४४५ रुग्ण, निम्म्यांना लगेच लेव्होडोपा, निम्म्यांना ४० आठवडे खोटी गोळी आणि मग खरी. ८० आठवड्यांनी दोन्ही गट सारखेच. म्हणजे लवकर घेतल्याने आजार थांबला नाही, बिघडलाही नाही. पण पहिले ४० आठवडे खऱ्या गोळीवाल्यांचे बरे गेले, आणि ते आठवडे परत मिळत नाहीत.

आमच्याकडची दुसरी गोष्ट मला आजही सलते. गोळी बंद ठेवलेल्या त्या तीन वर्षांत काका अण्णांना खाजकुयलीच्या बियांचं चूर्ण देत होते, सकाळी एक चमचा दुधातून. अण्णांना त्याने थोडं हलकं वाटायचं, मळमळही व्हायची, आणि काका म्हणायचे, बघा, गोळीशिवाय फरक पडतोय. खाजकुयलीच्या बियांत लेव्होडोपाच असते! मद्रासच्या दामोदरन आणि रामस्वामी यांनी १९३७ मध्येच ती त्या बियांतून वेगळी काढली होती, तेव्हा ती पार्किन्सन्सवर चालते हे जगात कुणाला ठाऊकही नव्हतं. मुंबईतल्या डॉ. वैद्य आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७८ मध्ये याच बियांचं चूर्ण पार्किन्सन्सच्या रुग्णांवर तपासून प्रसिद्ध केलं. मी त्या वनस्पतीला नावं ठेवत नाही, ते चांगलं संशोधन आहे. पण ज्या औषधापासून आम्ही अण्णांना तीन वर्षं ‘वाचवत’ होतो, तेच त्यांना चमच्याने देत होतो, किती मिलिग्रॅम जातंय ते न मोजता आणि कार्बिडोपाशिवाय. गोळीत कार्बिडोपा घालतात ती याचसाठी, की लेव्होडोपाचं मेंदूबाहेरच डोपामिन होऊन मळमळू नये आणि थोड्या डोसात काम व्हावं. तुमच्या घरात असं चूर्ण चालू असेल तर डॉक्टरांना सांगा, नाहीतर डोसाचा हिशेब चुकतो.

चाचणीबद्दल. माझं मत: द्यावं नाव, पण वडील बरे होतील म्हणून देऊ नये. या आजारात आशेनेसुद्धा हालचाल सुधारते, आणि ते मनाचे खेळ म्हणून सोडून देण्यासारखं नाही. खोटं औषध दिल्यावरही रुग्णांच्या मेंदूत डोपामिन खरोखर सुटतं, हे २००१ मध्ये स्कॅनवर दिसलं. अमेरिकेत १२ रुग्णांना दोन इंजेक्शनं दिली, दोन्हींत नुसतं मिठाचं पाणी. एक १०० डॉलरचं सांगितलं, दुसरं १५०० डॉलरचं. महागड्याने हालचाल जास्त सुधारली. म्हणून शेजारच्या काकूंना चाचणीत गुण आला यावर जाऊ नका. मधुमेहावरचं एक्झेनाटाइड हे इंजेक्शन लंडनमध्ये ६२ रुग्णांवर २०१७ मध्ये आशादायक ठरलं, लोकांनी जल्लोष केला. तेच १९४ रुग्णांच्या चाचणीत, निम्म्यांना खरं आणि निम्म्यांना खोटं, ९६ आठवडे देऊन पाहिलं आणि २०२५ मध्ये निकाल आला: फायदा नाही. वाईट वाटलं, पण असा निकाल सांगायलाही त्या १९४ जणांनी जवळपास दोन वर्षं स्वतःला इंजेक्शनं टोचून घेतली, आणि मला त्यांच्याबद्दल फार आदर आहे. तुमच्याकडे आलेली चाचणी भारताच्या सरकारी नोंदवहीत, सीटीआरआयवर आहे का ते बघा, २००९ पासून नोंद सक्तीची आहे. तपासणीच्या दिवशी आदल्या रात्रीपासून गोळी बंद ठेवायला सांगतात का ते विचारा, कारण त्या सकाळी वडिलांना घराबाहेर काढायला दोन माणसं लागतील. चाचणी संपल्यावर औषध कोण देणार, हेही विचारा. बाकी या बाबतीत माझा स्वतःचा अनुभव नाही.

काकांना मी घानाचे आकडे २०१९ मध्ये सांगितले, तेव्हा अण्णा जाऊन वर्ष झालं होतं. काका म्हणाले, त्या वेळी डॉक्टरही तसंच सांगायचे. ते खरं आहे. कित्येक चांगले डॉक्टर त्या काळी गोळी लांबवत, काकांच्या मनात वाईट नव्हतं. पण आमच्या डॉक्टरांनी तर लिहून दिली होती.

थोडं राहिलं. वडील पन्नाशीच्या आतले असते तर मी इतकं ठणकावून लिहिलं नसतं. तरुण रुग्णांत अंग हलण्याचा त्रास जास्त आणि लवकर होतो, त्यांच्यासाठी डॉक्टर कधी वेगळी सुरुवात करतात. डोस पुरेल तेवढा कमीच असावा, कारण मोठ्या डोसाने तो त्रास वाढतो. गोळी जेवणाआधी अर्धा तास द्या. डाळ, पनीर, अंडं यांतली प्रथिनं तिच्या वाटेत येतात. एकदा सुरू केली की मनाने अचानक बंद करू नका, ते जिवावर बेतू शकतं. आणि वडिलांच्या डब्यात चक्कर येते म्हणून स्टुजेरॉन किंवा उलटीसाठी पेरिनॉर्म आहे का, ते आज बघा. या दोन्हींनी पार्किन्सन्स बिघडतो, आणि सिनारिझिन म्हणजे स्टुजेरॉन महिनोन्‌महिने घेतल्याने तर नसलेला पार्किन्सन्ससुद्धा दिसायला लागतो.

पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे. जवळ पडेल तिथे वडिलांना घेऊन जा, आणि मेहुण्यांनाही न्या. तिथे दहा-बारा वर्षं गोळीवर असलेली माणसं भेटतील. मेहुण्यांना त्यांच्याशेजारी बसू दे आणि त्यांनाच विचारू दे, तुमची गोळी संपली का म्हणून.