आधी सांग, काम कुठे अडते

चि. मुलीस अनेक आशीर्वाद.

रविवारी तू उठून गेल्यावर टेबलावर तुझा एक कागद राहिला. त्यावर तू हव्या असलेल्या मॅकबुक प्रो लॅपटॉपची किंमत, १,६९,९०० हा आकडा, लिहून त्याखाली दोन रेघा मारल्या आहेत, बाजूला चोवीस हप्त्यांचा हिशेब मांडला आहे आणि अगदी कोपऱ्यात, स्वतःलाही दिसू नये इतक्या बारीक अक्षरात, "घेतला नाही तर मागे पडेन" असे लिहिले आहे. आकडा वाचून मला काही वाटले नाही. त्या कोपऱ्यातल्या वाक्याने मात्र मला दोन रात्री झोप लागली नाही, कारण तेच वाक्य मी एकेकाळी मनातल्या मनात घोकले होते आणि त्याची किंमत माझ्या घरच्यांनी भरली आहे.

"काका, घेऊ का?" असे तू विचारलेस तेव्हा मी चहाचा विषय काढला. त्या क्षणी बोललो असतो तर रागाने बोललो असतो. आता शांतपणे लिहितो आहे, तरी मधूनमधून राग येईल, तो सहन कर.

तुझा प्रश्न 'घेऊ का' हा नव्हेच. तुझे काम आज नेमके कुठे अडते, हा प्रश्न आहे. हे मी तुला तीनदा विचारले आणि तिन्ही वेळा तू मला त्या लॅपटॉपचा पडदा किती सुंदर आहे ते सांगितलेस. पडदा सुंदर आहे, हे मला मान्य आहे. बांधणी उत्तम आहे, बॅटरी दिवसभर पुरते, हेही मान्य आहे. पण काम कुठे अडते?

आपण तुझ्या कामाकडेच पाहू. तू अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या कारखान्यांसाठी टॉवेल आणि चादरींची डिझाइन करतेस. ज्या जकार्डवर, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्रणेवर, ती विणली जातात तिचे उभे धागे उचलणारे हुक १३४४ आहेत, म्हणजे तुझ्या चित्राची रुंदी १३४४ चौकोन. उंचीला दोन हजार आडवे धागे धरले तरी एकूण चौकोन होतात २६ लाख ८८ हजार. तुझ्या मोबाइलने काढलेल्या साध्या फोटोतही सव्वा कोटीच्या आसपास ठिपके असतात. त्यातही तुझ्या चित्रात रंग आठ, फार तर दहा. आम्ही हेच काम ग्राफ पेपरवर ब्रशने एकेक चौकोन भरून करत होतो आणि त्यावरून पुठ्ठ्याची कार्डे पंच करत होतो, म्हणून मला प्रत्येक चौकोनाचे वजन ठाऊक आहे. असे चित्र उघडायला आणि साठवायला पावणेदोन लाखांचे यंत्र लागत नाही. जकार्डला पेनड्राइव्हवरून फाइल मिळते. ती कोणत्या लॅपटॉपवर तयार झाली हे तिला कळतही नाही.

दुसरी गोष्ट सांगताना मला खरोखर राग येतो. तुझे डिझाइनचे सॉफ्टवेअर विंडोजवर चालते आणि डोंगल, म्हणजे लॅपटॉपला लावायची परवान्याची किल्ली, लावल्याशिवाय उघडत नाही. तुला हवा असलेला मॅकबुक प्रो ॲपलच्या स्वतःच्या चिपवर चालतो. त्यावर विंडोज चालवायचे तर दुसऱ्या एका सॉफ्टवेअरच्या आत चालवावे लागते, आणि तेही ॲपलच्या चिपसारख्या एआरएम जातीच्या चिपसाठी बनवलेले विंडोज. त्यात बरीचशी जुनी सॉफ्टवेअर चालतात, पण डोंगलची ओळख पटवणारा छोटा प्रोग्राम, म्हणजे ड्रायव्हर, त्याच चिपसाठी बनवलेला नसेल तर डोंगल ओळखलाच जात नाही. मग तुझे दोन वर्षांचे काम त्या सुंदर पडद्यामागे कुलूपबंद. सॉफ्टवेअर विकणाऱ्याला एक फोन करून हे विचारायला दहा मिनिटे लागली असती. हप्त्यांचा हिशेब तू तीन वेळा केलास आणि हा फोन एकदाही केला नाहीस.

तुझा लॅपटॉप गरम होतो आणि अडखळतो, हे खरे आहे. म्हणून मागच्या महिन्यात मी त्याचे मागचे झाकण उघडले होते, आठवते ना? पंख्याच्या जाळीत कापसाच्या तंतूंचा थर इतका घट्ट बसला होता की चिमट्याने ओढल्यावर तो अखंड पट्टीसारखा बाहेर आला; तू हसून म्हणालीस की यातही एक टॉवेल होईल. यंत्रमागाच्या शेडला लागून असलेल्या, पत्र्याच्या छताच्या खोलीत तू काम करतेस. एप्रिल-मेमध्ये आपल्या सोलापुरात पारा चाळिशीच्या पुढे जातो आणि पत्र्याखाली त्याहूनही वर. मॅकबुक वापरण्यासाठी भोवतालचे तापमान १० ते ३५ अंश असावे, असे कंपनीनेच छापले आहे. एवढे महागडे यंत्र त्या खोलीत ठेवण्याआधी खोलीला छत लागेल आणि कूलर लागेल. पंखा साफ केल्यावर तुझा जुना लॅपटॉप निम्मा सुधारला होता, हे तूच मला फोन करून सांगितले होतेस. राहिलेला निम्मा जुन्या हार्ड डिस्कमुळे अडतो. तिच्या जागी एसएसडी, म्हणजे फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवली आणि रॅम, म्हणजे मेमरी, वाढवली तर काही हजारांत काम भागते. तुझा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीतला आहे, त्यामुळे त्याच लॅपटॉपवर विंडोज ११ घेता येईल. १४ ऑक्टोबर २०२५ पासून विंडोज १० चा आधार संपला म्हणून लॅपटॉप टाकून द्यावा लागतो, असे ज्याने तुला सांगितले त्याला लॅपटॉप विकायचा होता.

आता माझे ऐक. हे मी घरातही फारसे बोलत नाही.

२००९ मध्ये मी सव्वा लाखाचा लॅपटॉप घेतला. त्या वर्षी मुंबईहून एक व्यापारी सोलापुरात आला होता. नव्या पेठेतल्या एका दुकानाच्या माडीवर आम्ही चार डिझाइनवाले आपापली कामे घेऊन बसलो होतो. माझ्याजवळ ग्राफ आणि कापडाचे तुकडे होते, शेजारच्याकडे चकचकीत लॅपटॉप होता. व्यापारी त्याच्या खुर्चीजवळ जास्त वेळ थांबला. एवढेच घडले. त्या अर्ध्या तासाची लाज मला इतकी लागली की पंधरा दिवसांत मी आईच्या पाटल्या एका पतसंस्थेत गहाण ठेवल्या, वर कर्ज काढले आणि मिळेल तो सर्वांत भारी लॅपटॉप घरी आणला. आईने विचारले, "यानं काम वाढंल का रे?" मी म्हणालो, "आपोआप वाढेल."

वाढले नाही, कारण माझे काम लॅपटॉपवाचून अडलेले नव्हते. ते अडले होते नमुन्यावाचून. आपल्या धंद्यात पडद्यावरच्या टॉवेलला कोणी पैसे देत नाही. व्यापाऱ्याला टॉवेल हातात लागतो. तो त्याची पाठ बघतो, किनार ओढतो, गालाला लावतो. नमुना विणून घ्यायला मला दुसऱ्याच्या मागावर आठ-आठ दिवस थांबावे लागत असे, कारण कारखानदार स्वतःची ऑर्डर उतरवून माझा नमुना का चढवील? माझ्याबरोबर ग्राफ रंगवणाऱ्या एका मित्राने त्याच वर्षी जवळपास तेवढ्याच पैशांत एक जुना माग घेतला आणि फक्त नमुन्यांसाठी ठेवला. सोमवारी डिझाइन, बुधवारी टॉवेल टेबलावर. दोन वर्षांत माझी निम्मी गिऱ्हाइके त्याच्याकडे गेली, आणि ती त्याच्याकडे लॅपटॉप नसताना गेली.

पुढे २०११ च्या मे महिन्यात माझा लॅपटॉप भर दुपारी बंद पडला तो पुन्हा सुरू झाला नाही. वॉरंटी संपली होती. तो पिशवीत घालून मी हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याला गेलो. तिथे मदरबोर्डचा खर्च अडतीस हजार सांगितला. मी तसाच परत आलो. कर्जाचे अकरा हप्ते राहिले होते, ते मी मेलेल्या यंत्रासाठी भरले. पाटल्या सुटल्या, पण त्या आई गेल्यानंतर सुटल्या.

तेव्हापासून माझा एकच नियम आहे. अडल्याशिवाय घ्यायचे नाही, आणि खरेच अडले की एक दिवस थांबायचे नाही. या नियमाचा पहिला अर्धाच लोकांच्या लक्षात राहतो, म्हणून मला चिकट म्हणतात. मी चिकट नाही. २०१९ मध्ये माझा संगणक एक फाइल साठवायला वीस मिनिटे घेऊ लागला आणि त्यापायी एक ऑर्डर उशिरा गेली, त्याच दुपारी मी रोख पैसे मोजून नवा संगणक आणला. कोणाला विचारले नाही, ऑफरची वाट पाहिली नाही. २०१६ मध्ये एका व्यापाऱ्याला चादर पलंगावर अंथरलेली दिसावी अशी त्रिमितीय चित्रे हवी होती. त्यासाठी नवे यंत्र आणि नवे सॉफ्टवेअर घ्यायला मी नकार दिला आणि ते काम गेले, हे आमच्या घरात अजून ऐकवले जाते. पण त्या व्यापाऱ्याने लेखी ऑर्डर दिलेली नव्हती. "करून ठेवा, बघू" एवढेच तो म्हणाला होता. "बघू" या शब्दावर मी पुन्हा कर्ज काढायचे होते का? त्याने आगाऊ रक्कम दिली असती तर मी दुसऱ्या दिवशी यंत्र आणले असते. आजही तो निर्णय मला बरोबर वाटतो. फार तर एवढे म्हणेन की त्याच्याकडे आगाऊ रक्कम मी तोंड उघडून मागायला हवी होती.

तुझ्या बाबतीत हेच पाहा. पुण्यात कंपन्यांची कामे मिळतील, डिजिटल प्रिंटिंगची कामे मिळतील, असे तू म्हणतेस. मिळोत, तुझा हात चांगला आहे, रंगाची जाण तर माझ्याहून चांगली आहे. प्रिंटिंगच्या फाइली खरोखर मोठ्या असतात, त्यात थरांवर थर असतात, तिथे जास्त मेमरी आणि अचूक रंगांचा पडदा लागतो. दिवसभर व्हिडिओ संपादन करणाऱ्याला किंवा यंत्र पाठीवर घेऊन गावोगाव हिंडणाऱ्याला भारी लॅपटॉप परवडतो, कारण त्याचा वाचलेला प्रत्येक तास विकला जातो. नोव्हेंबर २०२० मध्ये आलेल्या एम १ चिपचे मॅकबुक आज इतक्या वर्षांनीही लोक रोज वापरतात, म्हणजे वस्तू टिकते. वस्तूशी माझे भांडण नाही. तसे काम तुझ्या हातात आले, त्यावर तारीख आणि रक्कम लिहिलेली असली, आणि या लॅपटॉपवर ते होत नाही असे तुला दिसले, तर जाऊन घे. तेव्हा मेमरी विचारपूर्वक निवड, कारण मॅकबुकमध्ये ती नंतर वाढवता येत नाही. बचत करायची तर दुसऱ्या कशात कर, मेमरीत नको.

पण आज तुला महिन्याला अकरा-बारा हजार मिळतात. दोन वर्षांच्या कर्जाला पंधरा टक्के व्याज धरले तर हप्ता येतो ८,२३८ रुपये, आणि एकूण भरणा १,९७,७००च्या घरात जातो. 'बिनव्याजी' हप्त्यावर विसंबू नकोस. त्यात व्याजाइतकी सूट किमतीत दाखवतात, पण त्या व्याजावरचा जीएसटी तुझ्याच माथी पडतो आणि रोखीने घेणाऱ्याला मिळणारी सवलत बऱ्याचदा हातची जाते. दुकानदार म्हणाला की जीएसटी परत मिळतो. तो नोंदणी असलेल्याला मिळतो. तुझी नोंदणी नाही, म्हणून किमतीतले जवळजवळ २६ हजार रुपये गेले ते गेलेच. वडील "घे" म्हणाले, असे तू सांगितलेस. ते दुसरे काय म्हणणार? दोन पाळ्या करून मुलीला शिकवलेला माणूस मुलीच्या तोंडावर नाही म्हणत नाही. त्यांच्या "घे"मध्ये लॅपटॉपची गरज शोधू नकोस.

आणि 'मागे पडेन' म्हणजे कोणाच्या मागे? मला एक नाव सांग. ज्याच्याकडे तो लॅपटॉप आहे म्हणून तुझी ऑर्डर त्याच्याकडे गेली, असा एक माणूस मला दाखव. मी त्या माडीवर ज्याच्या मागे पडलो असे मला वाटले, त्या लॅपटॉपवाल्याला त्या दिवशी ऑर्डर मिळाली नव्हती. हे मला तीन वर्षांनी कळले.

आता काय करायचे ते सांगतो. एक शंभर पानी वही घे. एक महिनाभर, काम करताना जिथे थांबावे लागेल तिथे तारीख, काय करत होतीस आणि किती मिनिटे थांबलीस, एवढेच लिही. लॅपटॉपमुळे थांबलीस की नमुन्यामुळे, की सुताच्या शेडकार्डमुळे (रंगांच्या नमुन्यांच्या कार्डामुळे), की व्यापाऱ्याने फोन उचलला नाही म्हणून, तेही लिही. खोटे लिहू नकोस. पडदा आवडला म्हणून मिनिटे वाढवू नकोस. माझा अंदाज आहे की सर्वांत जास्त मिनिटे नमुन्याची निघतील, आणि तसे निघाले तर माझ्या त्या मित्राचा माग अजून चालू आहे. आठवड्यातून एक दिवस तो तुझ्यासाठी ठेवायला तयार आहे, मी कालच विचारून घेतले. लॅपटॉपची मिनिटे जास्त निघाली तर मी स्वतः तुझ्याबरोबर दुकानात येईन आणि पहिले वीस हजार माझे.

येत्या रविवारी सकाळी दहाच्या आत ये, नंतर ऊन होते. लॅपटॉप आण, डोंगल आण. एसएसडीचे मी एका ओळखीच्या मुलाला सांगून ठेवले आहे, तो साडेदहाला येईल. तुझा तो कागद मी फाडलेला नाही, वहीच्या पहिल्या पानावर चिकटवायला ठेवला आहे.

तुझा,
काका