‘उपविधी’ की ‘पोटनियम’? आणि महापालिकेचा ‘कायदा’ असतो का?

गिरगावातल्या एका वाचकांचा प्रश्न असा: “आमच्या इमारतीच्या फलकावर सोसायटीची सूचना लागली आहे, तिच्यात ‘पोटनियम’ लिहिलंय. शेजारीच महापालिकेचं स्वच्छतेबद्दलचं पत्रक आहे, त्यात ‘उपविधी’. पेपरात ‘उपनियम’ वाचतो, आणि रस्त्यावर दंडाची पावती फाडणारे महापालिकेचे मार्शल ‘कायदाच आहे’ म्हणायचे. हे सगळं एकच का? गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी रोज कचरा टाकतं, त्याबद्दल विभाग कार्यालयात अर्ज द्यायचाय. त्यात कोणता शब्द लिहू?”

अर्जात ‘उपविधी’ लिहा. ‘पोटनियम’, ‘उपनियम’ आणि ‘उपविधी’ हे तिन्ही शब्द इंग्रजी ‘बायलॉ’साठीच वापरले जातात. कारण मात्र जरा सविस्तर सांगायला हवं, कारण या शब्दांच्या सरमिसळीत आपली तक्रार नेमक्या कुठल्या नियमावर उभी आहे तेच हरवतं.

‘पोटनियम’ हा शब्द म्हणून मला अधिक आवडतो. ‘पोट’ लावून शब्द घडवायची मराठीची जुनी सवय आहे: पोटभाडेकरू, पोटहिस्सा, पोटजात. मोठ्या गोष्टीच्या आत सामावलेली छोटी गोष्ट, असा अर्थ कुणी न सांगता कळतो. सहकारी संस्थांच्या व्यवहारात ‘पोटनियम’ कित्येक वर्षं रुळलेला आहे, तुमच्या सेक्रेटरींनी लिहिला त्यात गैर काही नाही. अडचण येते ती राजपत्राच्या, म्हणजे सरकारी गॅझेटच्या, भाषेत. तिथे ‘कलम’च्या आतल्या भागाला ‘पोट-कलम’ आणि ‘नियमा’च्या आतल्या भागाला ‘पोट-नियम’ म्हणतात. ‘नियम ५ चा पोट-नियम (२)’ म्हणजे एकाच नियमाचा दुसरा तुकडा. बायलॉ हा असा कशाचा तुकडा नसतो. कायद्याने ज्या संस्थेला अधिकार दिला, तिने आपल्या हद्दीपुरता केलेला तो स्वतंत्र, अख्खा नियम असतो. म्हणून एकाच शब्दावर दोन अर्थांचं ओझं टाकण्यापेक्षा शासनव्यवहारात ‘उपविधी’ स्थिरावला, ते योग्यच झालं. ‘उपनियम’ वाचणाऱ्यालाही तुकडाच डोळ्यापुढे येतो, म्हणून तोही टाळावा.

‘विधी’ म्हटलं की आपल्याला आधी लग्नविधी, अंत्यविधी आठवतात, त्यामुळे ‘उपविधी’ कानाला परका वाटतो. पण विधिमंडळ आणि विधी व न्याय विभाग यांतला, कायदा या अर्थाचा ‘विधी’ तो हाच. शब्द पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही तसाच राहतो: तो उपविधी, ते उपविधी. शेवटी आला तर धी दीर्घ, समासात पुढे शब्द जोडला तर ह्रस्व, म्हणून ‘उपविधीचा भंग’ पण ‘उपविधिभंग’. मराठी साहित्य महामंडळाचे जे लेखननियम शासनाने १९६२ साली स्वीकारले, त्यांना धरूनच हे आहे.

आता मार्शलच्या ‘कायद्या’कडे वळू. महापालिका कायदा करत नाही. कायदा, म्हणजे अधिनियम, संसद किंवा राज्याचं विधिमंडळ करतं. मुंबईपुरता पाया आहे तो १८८८ चा मुंबई महानगरपालिका अधिनियम. इतक्या दुरुस्त्या होऊनही शहराचा कारभार आजही त्याच्यावरच चालतो. त्याच्या कलम ४६१ मध्ये कोणकोणत्या बाबतींत महापालिकेला उपविधी करता येतील ते सांगितलं आहे. म्हणजे उपविधीचा अधिकारही उसना आहे, आणि तो अधिनियमाच्या चौकटीबाहेर जाऊ शकत नाही. शिवाय महापालिकेने ठरवलं म्हणून तो लगेच लागू होत नाही. आधी मसुदा प्रसिद्ध होतो, मग राज्य सरकारची मंजुरी लागते, मग राजपत्र. वर्तमानपत्राच्या कोपऱ्यात बारीक टाइपात ‘हरकती व सूचना मागवण्यात येत आहेत’ असं छापून येतं, ते यातल्या पहिल्या पायरीवर. नागरिकाला उपविधीच्या शब्दांत हात घालता येतो तो इथेच, आणि बहुतेक जण ते पान न वाचता उलटतात याचं मला मनापासून वाईट वाटतं.

तुमच्या पत्रकातला उपविधी बहुधा २००६ च्या बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधींपैकी असावा. सार्वजनिक जागी थुंकल्याबद्दल २०० रुपये दंड त्यांत ठरवला गेला. क्लीन-अप मार्शलना रस्त्यावर उतरवलं गेलं तेही त्यांच्याच अंमलबजावणीसाठी. पण महापालिकेचा माणूस पावती फाडतो म्हणजे नियम महापालिकेचाच असतो असं नाही. प्लास्टिकच्या पिशवीबद्दल पहिल्या वेळी ५,००० रुपये आकारतात ते राज्याच्या २०१८ च्या अधिसूचनेनुसार. दुकानावर मराठी पाटी नसली तर निरीक्षक येतात ते २०१७ च्या दुकाने व आस्थापना अधिनियमानुसार. २०२२ च्या दुरुस्तीनंतर छोट्या दुकानांनाही ते लागू झालं. आणि इमारत किती उंच, मोकळी जागा किती, हे ठरवणारी विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली १९६६ च्या नगररचना अधिनियमाखाली येते. तिला कुणी ‘पालिकेचे उपविधी’ म्हटलं तर ते चूक. म्हणून पावती किंवा नोटीस हातात आली की रकमेच्या आधी ‘अन्वये’ हा शब्द शोधावा. त्याच्या अलीकडे जे लिहिलेलं असतं, तो त्या कागदाचा आधार.

तुमच्या फलकावरच्या दोन कागदांत आणखी एक फरक आहे. सोसायटीलाही उपविधी असतात. सहकार खात्याच्या ‘आदर्श उपविधीं’वरून संस्था ते स्वीकारते आणि निबंधकांकडे नोंदवते. पण ते सभासदांना बांधणारे, जवळजवळ कराराच्या जातीचे. महापालिकेचा उपविधी शहरात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला लागू, सकाळी कल्याणहून आलेल्या माणसालाही. सोसायटीच्या उपविधीच्या भंगाची तक्रार घेऊन विभाग कार्यालयात गेलात तर ते तुम्हाला सहकार खात्याच्या उपनिबंधकांकडे पाठवतील, आणि त्यांचं बरोबर असेल.

अंमलबजावणीच्या बाजूला क्रियापदं फार महत्त्वाची. १८८८ च्या अधिनियमाचं कलम ३१४ पाहा. पदपथावरचा अडथळा ‘नोटीस न देता’ हटवण्याचा अधिकार ते आयुक्तांना देतं. १९८१ साली पदपथांवरच्या झोपड्या हटवायला सुरुवात झाली तेव्हा प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं, आणि १९८५ साली पत्रकार ऑल्गा टेलिस यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खटल्याचा निकाल लागला. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांनी लिहिलेल्या त्या निकालात कलम वैध ठरलं, पदपथ चालणाऱ्यांसाठीच आहे हेही मान्य झालं. पण त्या कलमाचा अर्थ न्यायालयाने असा लावला की नोटीस न देता हटवण्याची ती मुभा आहे, आज्ञा नाही; एरवी माणसाचं म्हणणं ऐकूनच पुढे जायला हवं. शिवाय पावसाळा संपेपर्यंत झोपड्या काढू नयेत असंही सांगितलं. मराठीत हाच भेद ‘हटवता येईल’ आणि ‘हटवील’ यांत आहे. कायद्याचं मराठी भाषांतर वाचताना ही दोन रूपं एकसारखी समजून पुढे जाणाऱ्याने त्या कलमाचा जीवच वगळला असं मी म्हणेन.

तसंच ‘बजावणे’. नोटीस ‘पाठवली’ आणि ‘बजावली’ यांत अंतर आहे. बजावली म्हणजे ती रीतसर त्या माणसापर्यंत पोचती केली, किंवा तो सापडला नाही तर जागेवर डकवली. उत्तराची मुदत साधारणपणे तिथून मोजतात, जावक क्रमांकावरच्या तारखेपासून नव्हे.

आणि अर्ज लिहायच्या आधी हेही ध्यानात घ्या, की ‘कारवाई’ आणि ‘कार्यवाही’ हे एकाच शब्दाचे दोन उच्चार नव्हेत. कारवाई म्हणजे दोषी माणसाविरुद्ध उचललेलं पाऊल: दंड, जप्ती, तोडकाम. कार्यवाही म्हणजे कामकाज पुढे सरकणं. ‘आपल्या तक्रारीवर कार्यवाही सुरू आहे’ असं उत्तर आलं, तर तुमचा कागद एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर गेला एवढाच त्याचा अर्थ होऊ शकतो. तेव्हा दंड व्हावा अशी इच्छा असेल तर वाक्य असं लिहा: ‘सदर ठिकाणी कचरा टाकणे हा बृहन्मुंबई स्वच्छता व आरोग्य उपविधी, २००६ चा भंग असून, संबंधितांवर कारवाई करावी व केलेली कारवाई लेखी कळवावी.’ वर सहायक आयुक्तांचा हुद्दा, खाली ठिकाण, वेळ आणि फोटो. आवक शिक्का मारलेली प्रत स्वतःकडे ठेवा.