बाबांची जुनी डिझेल इंडिका दारात उभी आहे. गिअरची गाडी तिच्यावरच शिकू का?

शिका. मी तसंच केलंय, आणि तेही चौतिसाव्या वर्षी. तुम्ही लिहिलंय की गाडी 2006 ची आहे, वर्षभर कुणी हलवलेली नाही, तुम्ही आजवर फक्त स्कूटी चालवलीत आणि ‘डिझेल जड असते, नवशिक्याला झेपत नाही’ असं घरचे म्हणतात. घरच्यांचं अर्धं खरं आहे. स्टीअरिंग जड असतं. आमच्या मॉडेलला पॉवर स्टीअरिंग नव्हतं, पहिला आठवडा माझे खांदे भरून यायचे. पण क्लच (डाव्या पायाखालचं पेडल, इंजिन आणि चाकं जोडणारं-सोडवणारं) शिकायला जुन्या, बिनटर्बोच्या डिझेलइतकी समजूतदार गाडी शोधून सापडणार नाही.

कारण साधं आहे. इंडिकाचं ते 1405 सीसीचं इंजिन कमी फेऱ्यांवरही चांगलं ओढतं. शिवाय इंजिनाला डिझेल पुरवणाऱ्या पंपात गव्हर्नर, म्हणजे फेरे सांभाळणारा भाग, असतो. क्लच सोडताना इंजिनावर ओझं आलं आणि फेरे कमी व्हायला लागले की तो आपणहून थोडं जास्त डिझेल सोडतो. म्हणजे ॲक्सिलेटरला पाय न लावताही सपाट रस्त्यावर गाडी पहिल्या गिअरमध्ये हळूहळू निघते. नवशिक्याची निम्मी भीती इथेच संपते, कारण दोन्ही पायांचा मेळ पहिल्याच दिवशी घालावा लागत नाही.

मला मामांनी शिकवलं. सगळं आयुष्य टेम्पोवर काढलेला माणूस. साताऱ्याबाहेर एका नव्या प्लॉटिंगच्या मोकळ्या रस्त्यावर घेऊन गेले आणि दोन दिवस ॲक्सिलेटरला हातच, म्हणजे पायच, लावू दिला नाही. उजवा पाय ब्रेकवर, बस. पहिला गिअर, क्लच सावकाश वर, गाडी निघाली की पुन्हा क्लच दाबून ब्रेक. हेच चाळीस-पन्नास वेळा. मी वैतागून म्हटलं, ‘मामा, पुढचं कधी?’ तर म्हणाले, ‘गाडी पुढं पळवायला कुणालाबी येतं गं. जागेवरनं हलवायला शिक.’

आमच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्सचं झाकण ढिलं होतं. गाडी न्यूट्रलला उभी असली की ते सारखं थडथडायचं. क्लच पकडायला लागला की इंजिनाचा आवाज जरा खाली बसायचा, झाकणाची थडथड जाड व्हायची आणि बॉनेट किंचित उचलल्यासारखं वाटायचं. मामा म्हणायचे, ‘झाकण ऐक. आवाज बदलला की पाय तिथंच धर, दोन आकडे मोज, मग सोड.’ हाफ क्लच म्हणजे काय ते मला त्या झाकणाने शिकवलं. गाडी बंद पडते ती बहुतेक वेळा इथेच: गाडी हलली म्हणून आपण खूश होतो आणि डावा पाय एकदम काढून घेतो. तुमच्या गाडीत झाकण घट्ट असेल, तर आरशाची थरथर बघा.

पुढचे गिअर त्या मानाने सोपे. दुसरा लवकर टाका, पहिल्यात उगाच रेस करत राहू नका. उलट बाजूचा मोह टाळा: डिझेल ओढतंय म्हणून चौथ्या गिअरमध्ये 25 च्या वेगाने रेटू नका. गाडी गुरगुरली, अंग हलवायला लागली की एक गिअर खाली. रिव्हर्सला खरखर झाली तर जोर करू नका. क्लच पूर्ण दाबून, गाडी पूर्ण थांबवून दोन सेकंद थांबा, तरी नाही पडला तर आधी दुसरा एखादा गिअर टाकून मग रिव्हर्स टाका.

चढावर मात्र माझी फजिती झालीच. बाजारातल्या चढावर मागे एसटी, मी ब्रेक सोडला आणि गाडी मागे. तीन वेळा बंद पाडली. एसटीच्या ड्रायव्हरनेच खिडकीतून डोकं काढून ओरडून सांगितलं, ‘ताई, हँडब्रेक लावा!’ हँडब्रेक ओढा, क्लच पकडेपर्यंत वर आणा, इथे थोडा ॲक्सिलेटर द्यावाच लागतो, गाडीचं नाक उचललं की हँडब्रेक सोडा. हे रिकाम्या चढावर, मागच्या चाकाशी कुणाला तरी दगड घेऊन उभं करून (चाकाच्या बाजूला, मागे नव्हे) वीस वेळा करा. मग मी यवतेश्वरचा घाट चढले. उतरतानाचा मामांचा नियम: ज्या गिअरमध्ये चढलीस त्याच गिअरमध्ये उतर. डिझेल वाचवायला न्यूट्रल करून किंवा इंजिन बंद करून उतरणारे महाभाग आहेत, त्यांचं ऐकू नका. डिझेल गाडीत ब्रेकच्या मदतीला लागणारा व्हॅक्यूम इंजिनावर चालणारा पंप तयार करतो. इंजिन बंद झालं की दोन-तीनदा दाबल्यावर ब्रेक दगडासारखा होतो.

सकाळी चावी फिरवून लगेच सेल्फ मारू नका. डॅशबोर्डवर गुंडाळलेल्या तारेसारखा पिवळा दिवा लागतो, तो सुरू होण्याआधी इंजिन आतून तापवणाऱ्या हीटरचा. तो विझला की मग सेल्फ. थंडीत घाई केली तर गाडी नुसती खोकते, पांढरा धूर सोडते आणि बॅटरी बसते.

पण त्याआधी कागद. 2006 च्या गाडीची 15 वर्षं 2021 मध्येच झाली. आरसी तेव्हा रिन्यू केली होती का बघा, पुढे ती दर 5 वर्षांनी करावी लागते. इन्शुरन्स, पीयूसी चालू हवेत. वर्षभर उभी असलेल्या गाडीची बॅटरी, टायर, ब्रेक आणि डिझेल फिल्टर मेकॅनिकला दाखवल्याशिवाय रस्त्यावर आणू नका. लर्निंग लायसन्स काढा (30 दिवसांनी पक्क्याची टेस्ट देता येते), पुढे-मागे लाल ‘एल’ लावा आणि शेजारी लायसन्सवाला माणूस हवाच.

एक तोटा सांगते. डिझेलवर शिकलेला पाय लाडावतो. बहिणीची पेट्रोल गाडी मी तिच्या गेटमध्येच तीनदा बंद पाडली, कारण तिला निघताना ॲक्सिलेटर लागतो. एका दुपारी सवय होते, पण उसनी गाडी घेऊन थेट चौकात जाऊ नका.

आणि ड्रायव्हिंग स्कूल सोडू नका, फक्त क्रम उलटा करा. क्लच, गिअर, चढ हे मोकळ्या जागेत बाबांच्या गाडीवर पक्कं करा. भर ट्रॅफिकसाठी मग स्कूलचे सात-आठ क्लास लावा. त्यांच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाशीही ब्रेक असतो. शेजारी बसलेल्या बाबांच्या पायाशी तो नसतो, आणि तरी ते सारखा दाबत राहतात.