‘कोव्ह’ म्हणजे आपला कोबी का?

प्रश्न असा आहे: रविवारी घरातल्या सगळ्यांनी मिळून ‘काल्दु व्हेर्द’ हे पोर्तुगीज सूप करायचं ठरलंय. कृतीत बटाटा, कांदा, लसूण, ऑलिव्ह तेल आणि ‘कोव्ह’ लिहिलंय. शब्दकोशात कोव्ह म्हणजे कोबी. मग फ्रिजमधला कोबी चालेल ना? आणि आपला ‘कोबी’ तिथूनच आलाय का?

शब्द तिथलाच मानतात. पाव, बटाटा, काजू, अननस यांच्याच पंगतीतला. पोर्तुगीज गोव्यात आले १५१० साली, आणि वसई १५३४ पासून १७३९ पर्यंत त्यांच्याकडे होती. एवढ्या काळात स्वयंपाकघरात शब्द झिरपणारच. ‘व्ह’चा ‘ब’ झाला याचंही नवल नको. खुद्द पोर्तुगालच्या उत्तरेकडे ‘व’ला ‘ब’ म्हणतात, आणि काल्दु व्हेर्द हे त्याच उत्तरेतल्या मिन्यु प्रांतातलं. तिथल्या आजीच्या तोंडून ‘कोब’ ऐकलं तर आपल्याला ओळखीचंच वाटेल. (आपल्याकडे मात्र हा काही नियम नाही. ‘शाव्ह’ची ‘चावी’ झाली, तिथे ‘व’ टिकला.) कोव्ह पोर्तुगीजमध्ये स्त्रीलिंगी आहे. आमच्याकडे ‘कोबी चिरला’ म्हणतात, काही घरांत ‘चिरली’ही ऐकलंय.

पण शब्द आपल्याकडे आला तो एकाच भाजीपुरता. पोर्तुगीजमध्ये कोव्ह हे अख्ख्या घराण्याचं नाव आहे. ‘कोव्ह-फ्लोर’ म्हणजे फ्लॉवर. ‘फुलकोबी’ची घडण अगदी तीच. नाताळच्या आदल्या रात्री खारवलेल्या बाकाल्याउ माशाबरोबर उकडतात ती जाड देठांची ‘त्रोंशुदा’. आपला गड्ड्याचा कोबी म्हणजे ‘रपोल्यु’. आणि काल्दु व्हेर्दमध्ये पडते ती ‘कोव्ह गालेगा’. तिला गड्डा धरतच नाही. परसात उंच दांड्यावर ती वाढत राहते, लागतील तशी खालची पानं खुडायची. कोव्हचं मूळ लॅटिन ‘काउलिस’, म्हणजे देठ, दांडा. गालेगाकडे पाहिलं की हे नाव का पडलं ते कळतं. गड्ड्याकडे पाहून कळत नाही.

म्हणून माझं उत्तर: कोबी घालू नका. आम्ही पहिल्यांदा घातला होता. चव गोडसर झाली आणि रंग फिकट पिवळा. ‘व्हेर्द’ म्हणजे हिरवं, आणि ताटलीत हिरवं काहीच नाही. मुलीने विचारलं, “आई, मग याला हिरवं का म्हणतात?” तिथून मी कोव्हच्या मागे लागले.

शहरात हल्ली ‘केल’ मिळतो, तो चालेल. काश्मिरी ‘हाक’ तर गालेगाची सख्खी बहीण. पण मला सगळ्यात आवडला तो नवलकोलाचा पाला. एकतर चव जुळते. दुसरं म्हणजे ‘नवलकोल’ डच भाषेतून आला, आणि त्यातला ‘कोल’ त्याच लॅटिन ‘काउलिस’पासूनचा. म्हणजे कोबी आणि नवलकोल या नावांचं मूळ एकच. एक पोर्तुगीजांकडून आलं, दुसरं डचांकडून.

पानांच्या मधल्या शिरा काढा, अळूवडीला काढतो तशा. मग चार-पाच पानं एकावर एक ठेवून घट्ट सुरळी करा आणि विळीवर केसासारखी बारीक चिरा. तिथेही अशीच सुरळी करून चिरतात. आमच्याकडे हे काम सासूबाईंचं. सुरीने मला तितकं बारीक जमत नाही. बटाटे, कांदा, लसूण शिजवून त्याच पाण्यात घोटून घ्यायचे. पानं अगदी शेवटी, पाचेक मिनिटं. जास्त उकळलं की रंग गेला. वरून ऑलिव्ह तेल, आणि खात असाल तर शोरिसुची एखादी चकती, म्हणजे डुकराच्या मांसाचं सॉसेज, गोव्याच्या चोरीसाचं पोर्तुगालमधलं भावंड. सोबत तिथे ‘ब्रोआ’ हा मक्याचा पाव असतो. आमच्याकडे साधा पाव असतो, आणि तोही शब्द त्यांचाच.

एकच सांभाळा: भाजीवाल्या मावशी नवलकोल तोलायच्या आधीच पाला मोडून टाकतात. पाल्यासकट हवाय हे आधीच सांगा.